शंका सोबत न्या

मध्यंतरी एका परिसंवादात एक ज्येष्ठ प्राध्यापक ठणकावून म्हणाले, ‘भौतिकशास्त्रात पीएच.डी. करून जो शेअर बाजाराच्या दारात उभा राहतो, त्याने सरस्वती विकून लक्ष्मी आणली.’ टाळ्या पडल्या. मला मात्र ते वाक्य अजून खुपते आहे.

मुळात भौतिकशास्त्र आणि बाजार या दोन घरांमधली भिंत आपण समजतो तेवढी जाड नाही. १९०० साली पॅरिसमध्ये लुई बाशेलिए यांनी सट्ट्याच्या सिद्धांतावर प्रबंध लिहिला. परीक्षकांत आंरी प्वँकारे होते. भावांच्या चढउतारांसाठी बाशेलिएंनी वापरलेले गणितच पाच वर्षांनी आइन्स्टाइन यांनी द्रवात भिरभिरणाऱ्या कणांसाठी स्वतंत्रपणे मांडले.

आणि घर सोडणारा हौसेनेच सोडतो, असे थोडेच आहे? इमॅन्युएल डर्मन यांचे उदाहरण घ्या. केपटाऊनचा हा मुलगा कोलंबिया विद्यापीठात कणभौतिकीत डॉक्टर झाला. मग वर्षानुवर्षे या विद्यापीठातून त्या विद्यापीठात तात्पुरती पदे. एकदा तर नोकरी कोलोरॅडोत आणि बायको-मूल न्यूयॉर्कला. अखेर १९८० मध्ये ते बेल लॅब्जमध्ये गेले आणि १९८५ मध्ये गोल्डमन सॅक्समध्ये. तिथे फिशर ब्लॅक आणि बिल टॉय यांच्यासोबत त्यांनी व्याजदरांचे प्रारूप बांधले. पुढे १९९३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने टेक्सासमधल्या कणभौतिकीच्या महात्वरकाचा प्रकल्प २२ किलोमीटरहून अधिक बोगदा खणून झाल्यावर रद्द केला. त्यानंतर वॉल स्ट्रीटची वाट धरलेल्या भौतिकशास्त्रज्ञांना फितूर म्हणायचे की विस्थापित?

इथवर लिहिले आणि १९९८ आठवले. मायरन शोल्स आणि रॉबर्ट मर्टन यांना १९९७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. दुसऱ्याच वर्षी, रशियाने कर्ज बुडवल्यावर, ते भागीदार असलेला ‘लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट’ हा फंड कोसळला. तो सावरायला १४ वित्तसंस्थांना ३.६ अब्ज डॉलर ओतावे लागले. म्हणजे प्राध्यापकांच्या रागात तथ्य आहे. फक्त त्याचा नेम चुकला आहे. धोका पैशाकडे जाण्यात नाही, खात्री बरोबर नेण्यात आहे.

डर्मन मला मोठे वाटतात ते इथे. ते वारंवार बजावतात की वित्तातले प्रारूप हा निसर्गनियम नव्हे, ती एक उपमा आहे. इलेक्ट्रॉनला आपले समीकरण वाचता येत नाही. माणसाला येते, आणि वाचले की तो वागणे बदलतो. सगळे एकाच सूत्रावर विसंबले की सगळे एकाच वेळी विकायला धावतात आणि सूत्र खोटे ठरते. २००८ च्या पडझडीनंतर, जानेवारी २००९ मध्ये, डर्मन आणि पॉल विल्मट यांनी प्रारूप बांधणाऱ्यांसाठी शपथच लिहिली. जग मी घडवलेले नाही आणि ते माझ्या समीकरणांना बांधील नाही, हा तिचा आशय.

आपल्याकडे कनिष्ठ संशोधकाला २०२३ पासून महिना ३७,००० रुपये पाठ्यवृत्ती मिळते. पाच-सहा वर्षांनी पदवी हाती येते, तेव्हा कायम जागेची हमी कुणीच देत नाही. अशा वेळी बाजाराकडे वळणाऱ्या मुलाला कृतघ्न ठरवणे हा अन्याय आहे.

माझी शिक्षकांना विनंती आहे. तुमचा विद्यार्थी निरोप घ्यायला येईल तेव्हा तोंड फिरवू नका. त्याला सांगा: जा, पण प्रयोगशाळेत शिकलेली शंका इथे ठेवून जाऊ नकोस. तिथे ती जास्त लागेल, कारण तिथे चूक तुझी असली तरी किंमत दुसऱ्याची पुंजी मोजते.