लाभ कोणाचा, हानी कोणाची?

कामाच्या शोधात माणसाने गाव सोडावे, हे राष्ट्राच्या हिताचे की अहिताचे? अर्थशास्त्र जमाखर्च मांडते : शहराला हात मिळतात, गावाकडे पैसा येतो, म्हणजे एकूण लाभच. हा हिशेब खोटा नाही. पण अपुरा आहे. लाभ आणि हानी एकाच्याच पदरात पडत असती, तर तराजू त्याच्याच हाती देता आला असता. येथे बहुधा लाभ एकाचा आणि हानी दुसऱ्याची होते.

सोलापूर-विजयपूर रस्त्यावरील मंद्रूपचा मुलूख पाहू. मराठी व कन्नड दोन्ही बोलणारा, ज्वारीवर वाढलेला. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि जिल्ह्यात ऊस व साखर कारखाने वाढत गेले. तरीही कोरडवाहू घरातील तरुण पुण्या-मुंबईची वाट धरतो. आणि त्याच जिल्ह्यातील उसाच्या फडात मराठवाड्यातून तोडकरी येतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. मुकादमाची उचल फिटेपर्यंत पालातला संसार, आणि मुलांची शाळा अर्ध्यावर. पुण्यात आपल्या मुलाला माणसासारखे वागवावे, असे आपण म्हणतो. आपल्या शिवारातील पालाला आपण तोच न्याय लावतो काय?

कायद्याची दृष्टीही अशीच तोकडी राहिली. १९७९ चा स्थलांतरित कामगार कायदा कंत्राटदारामार्फत परराज्यात नेलेल्यांपुरता होता. भीमा ओलांडून कर्नाटकात नेलेला मजूर त्याच्या कक्षेत येऊ शके. बीडहून सोलापुरात आलेला नव्हे. घाम मात्र दोघांचा सारखाच. २०२० च्या टाळेबंदीत तोडकरी कारखान्यांच्या आवारात अडकले, तेव्हा ही उणीव उघडी पडली. याउलट १९७२ च्या दुष्काळातून उभ्या राहिलेल्या आणि १९७७ मध्ये कायद्याचे रूप घेतलेल्या रोजगार हमीने निराळे तत्त्व मांडले : गावात काम मिळणे हा हक्क आहे.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या आपल्या श्रमविषयक परिपत्रकात माणसाचा देश सोडण्याचा हक्क मान्य केला. पण त्यात मायभूमीची हानीही आहे, हे सांगितले. या दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या, तर धोरणाची कसोटी सापडते. जाणाऱ्याला अडवू नये आणि राहू इच्छिणाऱ्याला हुसकावू नये. गावात पाणी व काम असावे. जाणाऱ्याबरोबर त्याचे रेशन जावे. मुलांसाठी हंगामी वसतिगृह गावातच असावे. एवढे झाल्यावर जो जाईल, तो स्वेच्छेने गेला असे म्हणता येईल. तोवर राष्ट्राच्या लाभाचा आकडा कितीही मोठा असो, त्यात पालातील लेकराची बुडालेली शाळा जमेच्या बाजूला मांडलेली आहे, हे आपण विसरू नये.