आयेशी खोटं बोलताना

दिवस कलला की आमच्या आयेची घाई सुरू होते. एक लुगडं, तांब्या, देवाचा टाक असं फडक्यात बांधते आणि दारात येऊन मला म्हणते, "दादा, मला घरी सोड. गाय बांधायची राहिलीय."

मी तिचा दादा नव्हे, थोरला मुलगा. आणि ती ज्या घरी निघालेली असते ते जुन्या पळसदेवातलं घर उजनीच्या पाण्याखाली आहे. १९८० साली धरण पूर्ण झालं. भीमेकाठची काळी रानं, पार, चावडी, सगळं पाण्यात गेलं आणि गाव वर सोलापूर रस्त्याला आलं.

म्हातारपणी माणूस विसरतं, हे आम्हाला नवं नव्हतं. 'म्हातारचळ लागला' म्हणायचं आणि आपल्या कामाला लागायचं. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा आजार आहे, डिमेन्शिया. त्यातला जो जास्त आढळतो त्याला अल्झायमर या जर्मन डॉक्टरचं नाव आहे. १९०६ साली त्यानं अशा एका बाईची हकिकत इतर डॉक्टरांपुढं मांडली होती. पूर्ण बरं करणारं औषध अजून नाही. आपल्या देशात साठीच्या पुढच्या शंभरातल्या सातांहून जास्त माणसांना हा आजार असावा, असा २०२३ साली छापून आलेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. खेड्यातलं प्रमाण शहरापेक्षा जास्तच.

डॉक्टर म्हणाले, ताजं आधी जातं, जुनं मागं राहतं. हे मला लगेच पटलं. उन्हाळ्यात उजनीचं पाणी खाली गेलं की पळसनाथाच्या देवळाचं शिखर वर येतं. आयेचंही तसंच झालं होतं. मधली चाळीस वर्षं ओसरली आणि जुनं गाव उघडं पडलं.

कळलं खरं, पण वागायला जमेना. घरात माळ आहे, खोटं बोलू नये ही लहानपणची शिकवण. मी तिला खरं सांगायचो. "आये, ते घर राहिलं न्हाय. धरणात गेलं. आबा जाऊन बी बारा वर्षं झाली." ती मटकन खाली बसायची आणि ऊर बडवून रडायची. हे रडणं जुन्या दुःखाचं नव्हतं. तिला ती बातमी त्याच वेळी कळत होती. सकाळी सगळं पुसलेलं, संध्याकाळी पुन्हा गाठोडं. असं पंधरा दिवस चाललं. एका रात्री बायको म्हणाली, "अवो, सरकारनं गाव एकदा बुडवलं. तुमी रोज बुडवताय."

ती स्वतः कशी वागायची ते मी मग बघायला लागलो. "व्हय आत्या, जाऊ की. पण गाय कंची वो? दूध किती देती?" म्हणत ती आयेजवळ बसायची. आये गाईचं सांगत राहायची, त्या नादात भाकरीचे चार घास पोटात जायचे आणि गाठोडं आपोआप बाजूला पडायचं.

मीही तसंच करायचं ठरवलं. बायको माहेरी गेली होती. "उद्या सोडतो," असं म्हणून मी उसाला पाणी द्यायला गेलो. लाईट रात्रीची होती. परत आलो तर आये घरात नाही. हायवेच्या कडेला एका ढाबेवाल्यानं तिला खुर्चीत बसवून ठेवलं होतं. मांडीवर गाठोडं. खोटं दोघांनीही बोललेलं, पण बायको ते बोलून आयेपाशी बसली, मी ते बोलून सुटलो.

एवढ्यावर हे भागलं नाही. सातबाऱ्यावर वडिलांमागं आयेचं, आम्हा दोघा भावांचं आणि दोघी बहिणींचं नाव आहे. धाकटा भाऊ एक दिवस म्हणाला, "आण्णा, आयेचा हिस्सा आपल्या दोघांच्या नावावर करून घेऊ. उद्या बहिणी त्यातबी वाटा मागतील. श्रावणबाळच्या पगाराचा कागद हाय म्हणून सांगू आन् अंगठा घेऊ."

मी म्हणालो, "अरं, तिला काय कळतंय?"

"म्हणूनच म्हणतो. तू तर रोजच खोटं बोलतोस तिच्याशी. आणखी एकानं काय होतंय?"

मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचू नये असंच वाटत होतं, कारण फायदा माझाही होता. बहिणी दिवाळीला येऊन जातात, सांभाळतंय कोण? हा हिशेब मी दोन रात्री करत पडलो. मग लक्षात आलं, 'सांभाळतंय कोण' म्हणताना मी माझंच नाव घेत होतो. न्हाऊ घालणं, लुगडं बदलणं, रात्री तीनदा उठणं, हे सगळं बायको करत होती. आणि हिस्सा तिनं मागितलाच नव्हता. तुकोबांची पालखी सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला येते तेव्हा कीर्तनात पुंडलिक निघतोच. आईबापाची सेवा चालली होती म्हणून त्यानं देवाला विटेवर थांबवलं. देव दारात उभा असूनही स्वतःसाठी काही मागितलं नाही. आणि मी आयेचा अंगठा मागायला निघालो होतो.

बुद्धी ठिकाणावर नसलेल्या माणसाचा करार टिकत नाही, हे १८७२ च्या कायद्यातच आहे. पण नुसत्या कायद्याच्या भीतीनं थांबलो असतो तर त्यात माझं काय?

तिसऱ्या संध्याकाळी आयेनं गाठोडं माझ्या हातात दिलं. म्हणाली, "दादा, तू आलास न्हवं, आता मला घोर न्हाय."

मला भावासाठी उत्तर तिथं मिळालं. समजा, उद्या घटकाभर आये पहिल्यासारखी शुद्धीवर आली. "तू रडू नये म्हणून जाऊ की म्हणालो," हे मला तिच्या डोळ्यांत बघून सांगता येईल. ती हसेलसुद्धा. "तुला कळत नव्हतं म्हणून अंगठा घेतला," हे सांगता येईल का? जे खोटं तिच्यासमोर कबूल करता येतं, तेवढंच बोलायचं. माणूस विसरलं म्हणून त्याचं जे आहे ते बेवारस होत नाही. उलट राखणीला आपणच उरतो.

भावाला हेच सांगितलं. तेव्हापासून तो माझ्याशी धड बोलत नाही. बहिणींना यातलं काही माहीत नाही.

अजूनही 'जाऊ की' म्हणताना माझी जीभ अडखळते. बायकोची अडखळत नाही. मला वाटतं, माझी अडखळते तेच बरं. मी बोलायच्या आधी जरा थांबतो, आणि बोलून झालं की तिथंच, आयेपाशी बसतो.