ऐकून घेण्याचा धर्म

गंगाखेडच्या जनाबाईवर विठ्ठलाचे पदक चोरल्याचा आळ आला, तिला सुळी देण्यासाठी चंद्रभागेच्या वाळवंटात नेले आणि सुळाचे पाणी झाले, ही आख्यायिका परभणी जिल्ह्यात कुणाला सांगावी लागत नाही. ऐकणाऱ्याचे मन सुळाच्या पाण्यावर खिळते. न्यायाचा विचार करणाऱ्याने मात्र त्याआधीच्या प्रसंगावर थांबायला हवे. पदक तिच्याकडे सापडले, एवढ्यावर शिक्षा ठरली. देव सर्वसाक्षी, त्याला साक्षीपुरावा लागत नाही. माणसाला सगळे दिसत नाही, म्हणून आरोपीचे आधी ऐकून घेणे हा माणसाच्या न्यायाचा धर्म ठरतो.

हा धर्म लष्करी कायद्यातही आहे. १९५४ च्या आर्मी रूल्समधल्या नियम २२ प्रमाणे जवानावरचा आरोप कमांडिंग ऑफिसरने त्याच्यासमोर ऐकायचा, त्याला साक्षीदारांची उलटतपासणी घेऊ द्यायची, स्वतःचे साक्षीदार आणू द्यायचे. हे झालेच नाही तर पुढच्या कोर्ट मार्शलचे काय? १९९७ मध्ये मेजर ए. हुसेन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, दोषसिद्धीपुरता पुरावा असेल तर आधीची चौकशी पुरेशी होती का, हे तपासण्याची गरज नाही. प्रत्यक्ष खटल्यातल्या चुकीबद्दल हेच न्यायालय कठोर राहिले आहे. रणजित ठाकूर या जवानाने २९ मे १९८५ रोजी जेवण्याचा हुकूम मानला नाही. दुसऱ्याच दिवशी त्याला एक वर्षाची सक्तमजुरी आणि बडतर्फी झाली. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध त्याने तक्रार केली होती, तोच न्याय करायला बसला होता. समोरच्या अधिकाऱ्यांपैकी कुणावर हरकत आहे का, हे कायद्याने विचारायलाच हवे होते. ते विचारले नाही. १९८७ मध्ये ती कारवाई रद्द झाली.

खटल्याआधीच्या चुकीला सौम्य माप लावणे मला पटत नाही. पुढे कोर्ट मार्शलमध्ये बचावाची संधी मिळतेच, असे म्हणतात. पण नियम २२ च्या सुनावणीत कमांडिंग ऑफिसर आरोप तिथेच फेटाळू शकतो. ती संधी गेली की कोर्ट मार्शल कितीही नेटके चालले तरी परत येत नाही. शिवाय सुनावणी न झाल्याने नुकसान काय झाले हे जवानानेच दाखवायचे म्हटले, तर न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याने कुठून आणायचे?

शिस्तीचा आक्षेप अधिक वजनदार आहे. सैन्याला झटपट निकाल लागतो, आणि संविधानाचे कलम ३३ जवानाच्या मूलभूत हक्कांना मर्यादा घालण्याची मुभा संसदेला देते. पण नियम २२ लष्कराच्याच नियमावलीतला आहे. तो पाळल्याने शिस्त कशी बिघडेल? आणि चूक वेळीच पकडली तर दोषी सुटतही नाही, सुनावणी पुन्हा घेता येते. कारण खटला सुरू करायला आर्मी ॲक्टने सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत ठेवली आहे. म्हणून मराठवाड्यातला एखादा जवान सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे ‘माझे ऐकलेच नाही’ असे म्हणत आला, तर ऐकले होते, किंवा न ऐकल्याने त्याचे काही बिघडले नाही, हे सिद्ध करण्याचा भार लष्करावर असावा.