हरणाऱ्याने प्यायचे?

नाताळ सरला की आपल्या वसईत लग्नसराईची गडबड सुरू होते. लग्नाच्या आदल्या रात्री मांडवात पाहुणे जमतात, जेवणे आटोपतात आणि तरुण मंडळी गच्चीवर गोल करून बसते. पूर्वी तिथे नुसते पत्ते रंगायचे. आता पत्त्यांशेजारी ग्लासही आला आहे. राजा निघाला की सर्वांनी प्यायचे, चुकला त्याने प्यायचे, बाटली फिरवायची आणि तिचे तोंड ज्याच्याकडे थांबेल त्याने एका दमात ग्लास रिकामा करायचा. दोन वर्षांपूर्वी अशाच एका गोलात आम्हीही बसलो होतो, म्हणून हे लिहीत आहोत.

खेळात मजा होती, हे आधी कबूल करू या. कोणाशीही न बोलणारा वराचा एक मित्र दहा मिनिटांत सगळ्यांचा होऊन गेला. शिवाय आपली श्रद्धा द्राक्षारसाला नाके मुरडणारी नाही. काना गावच्या लग्नात प्रभू येशूने सहा रांजण पाण्याचा द्राक्षारस केला, तो काही औषधापुरता नव्हता! बेनसिराच्या ग्रंथातील 31 वा अध्याय तर मैफलीत रमलेल्या शेजाऱ्याला बोल लावू नये असे सांगतो. मात्र द्राक्षारसाच्या बाबतीत मर्दुमकी गाजवू नये, असेही तोच अध्याय बजावतो.

त्या रात्री आमचा एक मित्र तीनदा "मला नको" म्हणाला. गोलातून टाळ्या सुरू झाल्या. टाळ्या आम्हीही वाजवल्या. चौथ्या वेळी त्याने ग्लास उचलला. अकरा महिने तो दारूपासून दूर होता, हे आम्हाला पुढच्या आठवड्यात त्याच्या पत्नीकडून कळले.

त्याला कोणी पाजले? विचारले तर प्रत्येक जण म्हणेल, "मी नाही बाबा, खेळाचा नियमच तसा होता." नियम आपणच करतो आणि मग त्याच्या आड आपणच लपतो. कोणी म्हणेल, खेळायला बसला म्हणजे त्याने संमती दिलीच की! पण संमती दिली ती शुद्धीत असताना. पाचव्या ग्लासाच्या वेळी तिचा काय भरवसा? जो हरतो त्याने प्यायचे, जो पितो तो आणखी चुकतो, म्हणजे पुन्हा त्यानेच प्यायचे. 30 मिलीचा एक पेग निचरायला शरीराला साधारण एक तास लागतो. खेळात तासाला पाच-सहा होतात. शेवटचा ग्लास पुरता चढतो तो अर्ध्या-पाऊण तासाने, नेमकी मोटारसायकलची किल्ली हातात असताना.

एस्तेरच्या पुस्तकात अहश्वेरोश राजाची मेजवानी आहे. पिण्याची कोणावरही सक्ती करू नये, ज्याला जसे हवे तसे द्यावे, असा त्याने कारभाऱ्यांना हुकूमच दिला होता. वाचताना बरे वाटते. पण सातव्या दिवशी, स्वतः द्राक्षारसाच्या तारेत असताना, त्याने वश्ती राणीला तिचे सौंदर्य लोकांना दाखवण्यासाठी बोलावणे धाडले. ती नाही म्हणाली आणि तिचे राणीपद गेले. ग्लासाला नाही म्हणायची मुभा देणाऱ्या राजाला हा दुसरा नकार सोसला नाही. आमच्या गच्चीवर तर पहिलाच सोसत नव्हता.

आम्हाला बेनसिराचा 32 वा अध्याय जास्त उपयोगी वाटतो. मेजवानीचे प्रमुखपण मिळाले तर तोरा मिरवू नकोस, इतरांसारखाच त्यांच्यात वाग, आधी त्यांची काळजी घे, मग बैस, असा त्याचा आशय आहे. गच्चीवरच्या गोलात असा प्रमुख कोणीच नव्हता. वयाने आम्हीच वडील होतो, खरे तर ते काम आमचे होते.

गेल्या जानेवारीत भाचीच्या लग्नाच्या आदल्या रात्री ते आम्ही मागून घेतले. ज्याला प्यायची होती त्याने जेवणाबरोबर घेतली, कोणी मोजली नाही. पत्ते मांडले, पण हरणाऱ्याने गाणे म्हणायचे ठरवले. पोरांनी आधी तोंडे वाकडी केली. मग पोरेटोरे आणि म्हातारी माणसेही गोलात शिरली. तो मित्रही आला होता. त्याच्या शेजारी बसलेली आमची मावशी सारखी हरत होती. अकराच्या सुमारास आम्ही तिचे पत्ते पाहिले, तर हुकमाचा एक्का तिने मांडीखाली दडवून ठेवला होता.