चौकट आणि नय

शिरपूर जैन येथील अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती भूमीला न टेकता किंचित अधांतरी आहे, अशी भाविकांची श्रद्धा असून, दिगंबर व श्वेतांबर पंथांतील वादामुळे १९८१ पासून बंद राहिलेले हे मंदिर २०२३ मध्ये पुन्हा उघडले. या स्थळावर पहिला चित्रपट योजणाऱ्या दिग्दर्शकापुढचा प्रश्न तंत्राच्याही आधी तत्त्वज्ञानाचा आहे, कारण कॅमेऱ्याची जागा ठरवताच तो एक ‘नय’, म्हणजे अनंतधर्मी वस्तूकडे पाहण्याची एक मर्यादित दृष्टी, स्वीकारतो. आणि जैन विचारात नय सदोष ठरतो तो अपुरेपणामुळे नव्हे, तर इतर नयांना नाकारल्यामुळे, आणि असा नय ‘दुर्नय’ होय. म्हणूनच मूर्तीखालची फट जवळून टिपून श्रद्धेला पुराव्याच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा मोह नवख्याने टाळावा, हेच उचित.

दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’पूर्वी, १९१२च्या सुमारास, वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपून पडद्यावर आणली ती भांडवलदाराची खात्री पटवण्यासाठी, तरीही त्या चित्रफितीत ‘पर्याय’, म्हणजे क्षणोक्षणी उपजणाऱ्या व लोपणाऱ्या अवस्था, आणि ‘द्रव्य’, म्हणजे त्या अवस्थांतून टिकून राहणारी वस्तू, यांचा संबंध डोळ्यांना दिसतो. शिरपुरात हीच रीत वेगळ्या अर्थाने उपयोगी पडेल: वर्षानुवर्षांचे कुलूप, उघडलेले दार आणि एकाच मूर्तीपुढे आपापल्या विधीने हात जोडणारे दोन्ही पंथांचे भाविक, असे पर्याय निवाडा न देता एकापुढे एक ठेवता येतील.