आधी पूर्वपक्ष ऐकावा

आपल्याला न पटणारा माणूस बोलू लागला म्हणजे त्याचे काय करावे? प्रश्न दिसतो लहान. पण माणसाची आणि पंथाची पारख त्यातच होते.

अतिरेकी मंडळींची रीत ठरलेली असते. बळ नसते तोवर ‘आम्हांला बोलू द्या’ म्हणून टाहो फोडायचा. हाती दंडा आला की दुसऱ्याचं तोंड दाबायचं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचा तो कार्टा! जर्मनीतील नाझी पक्ष प्रजासत्ताकाने मोकळ्या ठेवलेल्या सभा, वृत्तपत्रे व निवडणुका यांच्याच आधारे वाढला. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला आणि २८ फेब्रुवारीलाच भाषणाचे, छापण्याचे व सभेचे स्वातंत्र्य गुंडाळले गेले. त्याच दिवशी कार्ल फॉन ओसिएट्स्की या संपादकास पकडले. पुढे त्यास १९३५ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, तरी १९३८ साली तो पहाऱ्यातच वारला.

असे का होते? अतिरेक्यास संवाद नको असतो, नुसते श्रोते हवे असतात. समोरच्यास ‘द्रोही’ म्हटले की त्याच्या मुद्द्यास उत्तर द्यावे लागत नाही.

हे दूरदेशीचे, असे कोणी म्हणू नये. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घालून मारले. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते झटले, त्यास आम्हां वारकऱ्यांतील अनेकांचा विरोध होता. विरोध करणे हा हक्कच आहे. तो आणि गोळी एक नव्हेत. पण खरं सांगा, आमच्यापैकी किती जणांनी तो मसुदा वाचला होता? डिसेंबर २०१३ मध्ये झालेल्या कायद्यात कीर्तन, भजन, यात्रा यांना बाधा नाही, असं स्पष्ट लिहिलंय. न ऐकता रागावणे ही त्या वाटेची पहिली पायरी; गोळी ही शेवटची.

आमच्या घरची रीत निराळी. ‘अमृतानुभवा’चे सातवे प्रकरण अज्ञानखंडनाचे. तेथे माउली प्रतिपक्षाचे म्हणणे मांडतात, मग खोडतात. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवावयास लावणारे रामेश्वरभट्ट पुढे त्यांचेच भक्त झाले, असे परंपरा सांगते. तुकोबांनी त्यांच्यावर कायमचा शिक्का मारला असता, तर ते परत येते कुठे? आणि मारलेला माणूस तर कधीच परत येत नाही.

मग अतिरेक्याचेही ऐकावे काय? ऐकावे, उत्तर द्यावे. त्याने हात उगारला, तर मात्र कायद्याने तो धरावा.

आमचे एवढेच मागणे: कोणाचे खंडन करायचे झाल्यास आधी त्याचे म्हणणे असे मांडावे की, तोच म्हणेल, ‘होय बुवा, मला हेच म्हणायचं होतं.’ मग खुशाल खोडावे.

रामकृष्ण हरि.