निर्दोष आनंद आणि त्याचें ऋण

नीतिशास्त्राच्या ग्रंथांत सुखाचा विचार पुष्कळ झाला आहे. पण एखाद्या रविवारीं बायकामुलांना घेऊन, डबा बांधून शहराबाहेर जावें आणि संध्याकाळीं दमूनभागून परत यावें, या सुखाचा विचार कोणीं केल्याचें फारसें आढळत नाहीं. त्याचें कारण उघड आहे. या सुखांत कोणाचें कांहीं हिरावून घेतलेलें नसतें, कोणाला फसविलेलें नसतें, व्यसनाचा त्याला वाराहि लागलेला नसतो. डोंगर पाहिल्यानें डोंगर झिजत नाहीं आणि नदींत डुंबल्यानें नदी आटत नाहीं. निर्दोष सुखाचें उदाहरण कोणीं मागितलें तर सहलीकडेच बोट दाखवावें, असें आपणां सर्वांना वाटतें. प्रस्तुत लेखांत या समजुतीची थोडी तपासणी करावयाची आहे. सुख निर्दोष असलें म्हणजे तें ऋणमुक्तहि असतें काय, हा माझा प्रश्न आहे. आणि तो अधांतरीं न ठेवतां एका गांवाच्या संदर्भांत विचारावा असें मी योजिलें आहे. तो गांव म्हणजे रायगड जिल्ह्याच्या रोहें तालुक्यांतील कोलाड.

कोलाड हा मुंबई–गोवा महामार्गावरील लहानसा गांव. रोह्याला मध्य रेल्वेचा मार्ग संपून कोंकण रेल्वे सुरू होते, आणि तिचें पहिलें स्थानक कोलाड हें आहे. १९९८ सालीं ती रेल्वे सबंध सुरू झाली आणि पुढल्याच वर्षीं भरलेले ट्रक आगगाडीवर चढवून गोव्याकडे नेण्याची सोय येथून झाली. पण पुण्या-मुंबईच्या मध्यम वर्गाला आज कोलाडचें नांव परिचित आहे तें निराळ्याच कारणानें. येथून एका दिवसांत पाहून होण्याजोगीं स्थळें पुष्कळ आहेत. खांबजवळचा सुरगड, रोह्याशेजारचा अवचितगड, घोसाळ्याचा घोसाळगड, तळ्याचा किल्ला, राजपुरीच्या खाडीवरचीं कुड्याचीं लेणीं, भिऱ्याच्या बाजूस देवकुंडाचा धबधबा, असा मोठाच परिवार आहे. तथापि बहुतेकांची ओढ असते ती कुंडलिका नदीकडे. सकाळच्या प्रहरीं नदीला लोंढा येतो, आणि रबरी होड्यांत बसून, हातीं वल्हीं घेऊन, लहानथोर मंडळी खळाळांतून कोलाडच्या दिशेनें वाहत येतात. या खेळाला राफ्टिंग म्हणतात. घाबरणें, ओरडणें, भिजणें आणि शेवटीं सुखरूप काठाला लागून गरम भाकरीवर ताव मारणें, यांत जो आनंद आहे तो खरोखरच निखळ आहे.

येथें एक गोष्ट विचारी माणसाच्या ध्यानांत यावयास हवी. कोंकणांतील नद्या लांबीनें आखूड. आषाढांत त्या दुथडी भरून वाहतात आणि वैशाखांत पात्रांतले धोंडे मोजून घ्यावे अशी त्यांची स्थिति होते. कुंडलिका मात्र ऐन उन्हाळ्यांतहि फुगते आणि ओसरते. तिच्या भरतीओहोटीचा संबंध पावसाच्या नक्षत्रांशीं नाहीं. वीज केव्हां आणि किती काढावयाची, यावर ती अवलंबून असते. कारण हें पाणी मुळीं कुंडलिकेचें नव्हेच. घाटमाथ्यावर मुळा आणि नीला या नद्यांच्या संगमावर मुळशीचें धरण आहे. निसर्गक्रमानें तेथील पाणी पूर्वेस जाऊन भीमा आणि कृष्णा यांच्या वाटेनें बंगालच्या उपसागराला मिळावयाचें. टाटा कंपनीनें तें अडविलें, डोंगर पोखरून पश्चिमेस वळविलें आणि पांचशें मीटरांहून अधिक उंचीवरून भिऱ्याच्या वीजघरांत उतरविलें. हें वीजघर १९२७ सालीं सुरू झालें. तेथून सुटलेल्या पाण्यापासून खालीं रवाळजें येथें पुनः एकदां वीज काढतात, आणि मग जो प्रवाह नदीच्या पात्रांत सोडतात त्यावर होड्या तरंगतात. त्याच्याहि खालीं डोलवहाळच्या बंधाऱ्यापासून निघालेले कालवे शेतें भिजवितात.

पुण्याहून ताम्हिणी घाटानें कोलाडला येणारें कुटुंब या पाण्याला एका दिवसांत दोनदां भेटतें. घाट लागण्यापूर्वीं मुळशीच्या तलावाच्या कडेनें रस्ता जातो. तेथें गाडी थांबवून मंडळी भाजलेलें कणीस खातात, तलावाचीं छायाचित्रें घेतात. मग घाट उतरून त्याच पाण्यांत होडी लोटतात. वर जें संथ दिसलें तेंच खालीं खळाळतें, ही ओळख मात्र फार थोड्यांना पटते.

त्या संथ पाण्याखालीं काय आहे? मुळशी पेट्यांतील मावळ्यांचीं भातखाचरें आहेत. आंबेमोहोर तांदळाबद्दल नांवाजलेलें हें खोरें. धरणासाठीं सुमारें पन्नास गांवांची जमीन संपादन करावयाचें ठरलें, तेव्हां १९२१ च्या रामनवमीला तेथें सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्याचे पुढारी. बापटांना ‘सेनापति’ ही पदवी लोकांनीं दिली ती याच लढ्यांत. राजेंद्र व्होरा यांनीं आपल्या इंग्रजी ग्रंथाच्या नांवांतच या लढ्याला जगांतील पहिली धरणविरोधी चळवळ म्हटलें आहे. पण लढा फसला. बापटांना अखेर सात वर्षांची शिक्षा झाली, आणि धरण पुरें झालें. त्यांतील एक गोष्ट आपल्यासारख्या सुशिक्षितांनीं विसरूं नये. पुष्कळशी जमीन पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती, आणि मोबदल्याचा दर वाढवून मिळाला म्हणजे त्यांचें समाधान होण्यासारखें होतें. कसणाऱ्या मावळ्याला दराशीं कर्तव्य नव्हतें. त्याला तीच जमीन हवी होती. कागदावर ज्याचें नांव होतें त्याचें दुःख पैशांत मोजतां आलें. ज्याचा घाम त्या जमिनींत मुरला होता त्याच्या दुःखाला मोजमापच सांपडलें नाहीं.

येथें दुसरी बाजूहि न्यायानें मांडली पाहिजे. खोपोलीचें वीजघर १९१५ सालीं, भिवपुरीचें १९२२ सालीं आणि भिऱ्याचें १९२७ सालीं सुरू झालें. यांच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या, रेल्वे धांवली, लाखों कामकऱ्यांना रोजगार मिळाला. बेंथामचा अनुयायी म्हणेल, ‘पुष्कळांच्या पुष्कळ सुखापुढें पन्नास गांवांचें दुःख तें केवढें?’ त्याला कांटचा अनुयायी उत्तर देईल कीं, मनुष्य हें दुसऱ्याच्या सुखाचें केवळ साधन नव्हे, आणि त्याची संमति न घेतां त्याला बेरजेंत धरणें हाच मूळ अन्याय होय. हा वाद जुना आहे आणि तो येथें मिटवावयाचा नाहीं. माझा प्रश्न धरण बांधणाऱ्यांविषयीं नसून, शंभर वर्षांनंतर त्या पाण्यांत हंसत खेळत उतरणाऱ्यांविषयीं आहे.

त्यांच्या वतीनें दोन आक्षेप घेतां येतात. पहिला असा: आम्हीं कोणाला उठविलें नाहीं, आमच्या जन्मापूर्वींची ही कथा, तिचा दोष आमच्या माथीं कां? दुसरा याहून समर्थ आहे: अशी चौकशी सुरू केली तर कोणतेंच सुख शिल्लक राहणार नाहीं. ज्या रस्त्यानें आपण जातों तो कोणाच्या तरी शेतांतून गेलेला असतो, ज्या किल्ल्याचे बुरूज पाहून छाती फुगते तेथील दगड कोणीं तरी वेठीनें वाहिलेले असूं शकतात. सर्वच सुखांच्या मुळाशीं दुःख असेल, तर एकट्या होडीलाच कोर्टांत कां खेंचावें?

हे दोन्ही आक्षेप एका गोंधळांतून निघाले आहेत. दोष आणि ऋण या दोन गोष्टी ते एकच समजतात. दोष कृतीला लागतो. ज्यानें कृति केली नाहीं त्याला तो लागत नाहीं. ऋण मात्र लाभाबरोबर येतें, आणि तें पत्करण्यास मनुष्य गुन्हेगार असावा लागत नाहीं. आपल्या धर्मशास्त्रानें हा भेद फार पूर्वीं ओळखला होता. मनुष्य देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊनच जन्मास येतो, असें तें सांगतें. जन्माला येणें हें पाप आहे, असा याचा अर्थ कोणीं केला नाहीं. ज्ञान ज्यांनीं मिळविलें, शरीर ज्यांनीं दिलें, त्यांचें आपण देणें लागतों, एवढेंच त्याचें म्हणणें. या दृष्टीनें पाहिलें म्हणजे पहिला आक्षेप गळून पडतो; आणि सर्वच सुखांच्या मागें ऋण असतें हें कबूल केल्यानें सुखें नाहींशीं होत नाहींत, हें दिसून दुसराहि दुबळा होतो. कर्जाऊ घेतलेल्या बैलानें शेत नांगरणारा शेतकरी नांगरणें सोडीत नाहीं. बैल आपला नाहीं हें तो विसरत नाहीं, इतकेंच.

हा प्रश्न एकट्या मुळशीचा नाहीं. इंग्रजी काव्य वाचणाऱ्याला जो सरोवरांचा प्रांत स्वर्गासारखा वाटतो, तेथील थर्लमियरचें पाणी मँचेस्टर शहरानें १८९४ पासून नेलें; रस्किननें त्या योजनेला विरोध केला होता. पुढें १९३० नंतरच्या दशकांत मार्डेल नांवाचा गांव हॉझवॉटरच्या धरणांत गेला. पाऊस ओढ देतो त्या वर्षीं त्याच्या पडक्या भिंती उघड्या होतात, आणि त्या पाहावयाला सहलीची गर्दी लोटते. वेल्समधील कापेल केलिन हा गांव लिव्हरपूलच्या पाण्यासाठीं १९६५ सालीं बुडाला. चाळीस वर्षांनीं, २००५ सालीं, लिव्हरपूलच्या नगरसभेनें त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. त्या क्षमेनें एकहि घर वर आलें नाहीं. पण घेतलेल्या पाण्याच्या हिशेबांत देणें म्हणून एक रकाना आहे, हें एका शहरानें मान्य केलें. मार्डेलचे भग्नावशेष पाहणें आणि लिव्हरपूलची क्षमा, या दोहोंत स्मरण आहेच. पण पहिलें स्मरण कुतूहलापाशीं थांबूं शकतें, दुसरें कर्तव्यापर्यंत पोंचूं पाहतें.

मग कोलाडला जाणाऱ्या गृहस्थानें काय करावें? होडींत बसून सोबत्यांना विस्थापितांवर व्याख्यान देणारा मनुष्य कोणालाच आवडणार नाहीं, आणि न आवडणें योग्यहि आहे. आनंदाच्या वेळीं आनंदच करावा. परंतु ऋण फेडण्याची पहिली पायरी म्हणजे धनकोचें नांव ठाऊक असणें. येथें कुड्याच्या लेण्यांकडे वळावेंसें वाटतें. सुमारें दोन सहस्र वर्षांपूर्वींचीं हीं बौद्ध लेणीं. तेथील शिलालेखांत राजघराण्यांतील दात्यांबरोबरच एका माळ्याचें नांव आहे, एका वैद्याचें आहे, कऱ्हाडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याचें आहे. ज्यानें आपण होऊन थोडें दिलें त्याचेंहि नांव त्या काळानें खडकांत कोरून ठेविलें. ज्यांच्यापासून त्यांच्या इच्छेविरुद्ध सर्वस्व घेतलें गेलें, त्यांचीं नांवें निदान मुलांच्या कानांवर घालावीं, ही अपेक्षा मोठी नाहीं.

दुसरी पायरी वर्तनाची. होडी हांकणारा तरुण, भाकरी थापणारी बाई, पाऊस सरल्यावर वीटभट्ट्यांकडे कुटुंबासह जाणारा कातकरी, हीं सहलीच्या चित्रांतलीं पार्श्वभूमीचीं माणसें नव्हेत. हा मुलूख त्यांचा आहे आणि आपण पाहुणे आहों. पाहुण्यानें घासाघीस किती करावी, उष्टें आणि कचरा कोठें टाकावा, आवाज किती चढवावा, हें आपल्या घरीं आपणांस नीट कळतें. तेंच भान नदीकांठीं सुटतें, कारण पैसे दिले म्हणजे देणें संपलें असें आपण धरून चालतों. मुळशीच्या सावकारांचा हिशेबहि याच जातीचा होता.

तिसरी पायरी सर्वांत अवघड आहे. पितृऋण पित्याला परत करतां येत नाहीं. तें मुलांना वाढवून फेडावयाचें असतें. मुळशीच्या मावळ्यांची ती पिढी आज नाहीं. त्यांचें देणें आतां फेडावयाचें तें, ज्यांच्यावर तसाच प्रसंग येऊं घातला असेल त्यांच्याशीं वागतांना. धरण, रस्ता, कारखाना, विमानतळ यांसाठीं कोणाची तरी जमीन लागणारच; आणि प्रत्येक वेळीं तिचा लाभ मुख्यतः आपल्याच वर्गाला होणार. अशा वेळीं ‘मोबदला दिला ना, मग तक्रार कसली?’ असें आपण वर्तमानपत्र बाजूला सारीत म्हणतों कीं नाहीं, यावर आपण किती ऋण ओळखलें तें ठरेल. कायदे सुधारतात, दर वाढतात, तें चांगलेंच आहे. पण कसणाऱ्याचें म्हणणें ऐकून घेण्याची संवय कायद्यानें लागत नाहीं. ती घरांत लागावी लागते.

उन्हाळ्यांत या नदीला एवढें पाणी कोठून येतें, असें होडींतल्या मुलानें विचारलें, तर त्याला मुळशीचें नांव सांगावें आणि तेथें काय झालें तेंहि थोडक्यांत सांगावें. इतकी माहिती करून घेऊन मग सहलीला निघणें कोणत्याहि गृहस्थाला अशक्य नाहीं.